आलेखांमध्ये टक्केवारी योग्य दिसण्यासाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्यालयात, शाळेत, गृहनिर्माण संस्थेत किंवा स्वयंसेवी संस्थेत मराठीतून अहवाल तयार करणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. टक्केवारीचा आलेख चुकतो तेव्हा दोष बहुधा सॉफ्टवेअरचा नसतो. ‘हे टक्के कशाचे?’ या प्रश्नाचे उत्तर कोणीतरी आधी ठरवायचे राहिलेले असते आणि मग संगणक ते आपल्या परीने ठरवतो. म्हणून पुढील बहुतेक उत्तरे अखेर छेदापाशी येऊन थांबतात.

उदाहरणे मुंबईची आहेत, कारण ती वाचकाला आपल्या संगणकावर पडताळून पाहता येतील. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची उपयुक्त साठवणक्षमता दशलक्ष लिटरमध्ये अशी आहे: भातसा ७,१७,०३७, अप्पर वैतरणा २,२७,०४७, मध्य वैतरणा १,९३,५३०, तानसा १,४५,०८०, मोडक सागर १,२८,९२५, विहार २७,६९८, आणि तुळशी ८,०४६. एकूण १४,४७,३६३. हे आकडे एका रकान्यात भरून ठेवल्यास पुढची उत्तरे वाचताना हाताशी राहतील. मेनूंची वर्णने मुख्यतः एक्सेलची आहेत. इतर साधनांविषयी शेवटाकडे लिहिले आहे.

प्रश्न: सेलमध्ये ४५ लिहिले आणि टक्क्याचे बटण दाबले, तर ४५००% का दिसते?

एक्सेलच्या लेखी टक्केवारी ही स्वतंत्र प्रकारची संख्या नसते. ती केवळ दाखवण्याची पद्धत असते. सेलमध्ये साठवलेली संख्या १०० ने गुणून तिच्यापुढे टक्क्याचे चिन्ह लावायचे, एवढेच ते स्वरूपण करते. त्यामुळे ४५% दिसायचे असेल तर आत ०.४५ असायला हवे. आत ४५ असतील तर दिसणार ४५००%, आणि आलेखही तेच दाखवणार.

गोंधळ वाढण्याचे आणखी एक कारण आहे. रिकाम्या सेलला आधी टक्क्याचे स्वरूपण दिले आणि मग ४५ टंकले, तर एक्सेल ते ४५% असेच समजते आणि आत ०.४५ साठवते. म्हणजे क्रम बदलला की परिणाम बदलतो. दोन जणांनी मिळून भरलेल्या एकाच रकान्यात काही ठिकाणी ४५% आणि काही ठिकाणी ४५००% दिसतात, ते यामुळेच.

दुरुस्ती सोपी आहे. एखाद्या रिकाम्या सेलमध्ये १०० लिहून तो कॉपी करावा, चुकीच्या संख्या निवडाव्यात आणि पेस्ट स्पेशलमधील डिव्हाइड हा पर्याय वापरावा. सर्व संख्या जागच्या जागी १०० ने भागल्या जातात. त्यानंतर गरज असल्यास टक्क्याचे स्वरूपण पुन्हा द्यावे.

काही जण संख्या तशीच ठेवून, कस्टम स्वरूपणात टक्क्याचे चिन्ह अवतरणचिन्हांत घालतात. त्यामुळे गुणाकार न होता ४५ च्या पुढे नुसते चिन्ह उमटते. दुसऱ्याने कुलूपबंद करून पाठवलेल्या फाइलसाठी हा मार्ग ठीक आहे, पण आपल्या स्वतःच्या फाइलमध्ये तो टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे कोणी त्या ४५ ला टक्के समजून एकूण संख्येशी गुणले, तर उत्तर शंभरपट मोठे येते आणि सेलकडे पाहून चूक कुठे आहे हे कळत नाही.

प्रश्न: सेलमध्ये ४५% बरोबर दिसते, पण आलेखात ०.४५ किंवा नुसते ० का येते?

अशा वेळी आलेखातील लेबलांचे आणि अक्षाचे स्वरूपण सेलपासून तुटलेले असते. लेबलवर उजवे बटण दाबून डेटा लेबलांच्या स्वरूपणात जावे. तेथे नंबर या विभागात ‘लिंक्ड टू सोर्स’ अशी खूणचौकट आहे. तिच्यात खूण केली की लेबल सेलप्रमाणे दिसू लागते. खूण नको असेल तर तेथेच टक्केवारी निवडून दशांशस्थळे ठरवावीत. अक्षासाठी हेच वेगळे करावे लागते, कारण लेबल आणि अक्ष यांची स्वरूपणे एकमेकांपासून स्वतंत्र असतात.

प्रश्न: आलेखातील टक्क्यांची बेरीज १०१ येते. साहेब म्हणतात, आकडे चुकले. काय सांगावे?

आकडे चुकलेले नसतात. तलावांचेच उदाहरण घ्या. एकूण क्षमतेतील वाटा दोन दशांशस्थळांपर्यंत असा येतो: भातसा ४९.५४, अप्पर वैतरणा १५.६९, मध्य वैतरणा १३.३७, तानसा १०.०२, मोडक सागर ८.९१, विहार १.९१ आणि तुळशी ०.५६. हेच जवळच्या पूर्णांकापर्यंत नेले की ५०, १६, १३, १०, ९, २ आणि १ होतात, आणि त्यांची बेरीज १०१ भरते. सातपैकी पाच संख्या वर सरकल्या, दोनच खाली आल्या. प्रत्येक संख्या स्वतःपुरती बरोबर आहे. बेरीज मात्र एकाने वाढली.

उपाय तीन आहेत आणि त्यांची योग्यता सारखी नाही. पहिला, एक दशांशस्थळ दाखवणे. येथे ४९.५, १५.७, १३.४, १०.०, ८.९, १.९ आणि ०.६ यांची बेरीज बरोबर १००.० येते. मात्र प्रत्येक वेळी असे जुळेलच याची खात्री नाही. दुसरा, आलेखाखाली ‘पूर्णांकात मांडल्यामुळे बेरीज १०० होईलच असे नाही’ अशी ओळ लिहिणे. शासकीय अहवालांपासून बँकांच्या ताळेबंदांपर्यंत ही ओळ सर्रास आढळते आणि ती लिहिण्यात कोणताही कमीपणा नाही.

तिसरा उपाय म्हणजे सर्वांत मोठ्या शेषाची पद्धत. प्रत्येक टक्केवारीचा केवळ पूर्णांक भाग घ्यावा: ४९, १५, १३, १०, ८, १, ०. बेरीज ९६ येते, म्हणजे चार उरले. ज्यांचा अपूर्णांक भाग सर्वांत मोठा त्या चौघांना एकेक द्यावा: विहार, मोडक सागर, अप्पर वैतरणा आणि तुळशी. बेरीज १०० होते, पण भातसाच्या वाट्याला ४९ येतात, जरी खरी संख्या ४९.५४ असली तरी. सभागृहातील जागावाटपासारख्या ठिकाणी, जेथे एकूण संख्या पक्की जुळलीच पाहिजे, तेथे ही पद्धत रास्त आहे. माहिती देणाऱ्या आलेखात पहिले दोन उपाय अधिक प्रामाणिक आहेत. सर्वांत मोठ्या भागातून गुपचूप एक टक्का काढून टाकणे हा चौथा प्रकार अनेक कार्यालयांत चालतो. तो कधीही करू नये, कारण मग मूळ आकडे आणि आलेख यांचा मेळ कोणालाच लावता येत नाही.

प्रश्न: पाय चार्टमध्ये टक्केवारी संगणक स्वतः काढतो. मग ती चुकते कशी?

शालेय गणितात ज्याला वृत्तालेख म्हणतात त्यात लेबलांसाठी ‘पर्सेंटेज’ हा पर्याय मिळतो. एक्सेलमध्ये तो फक्त वृत्तालेख आणि कंकणाकृती डोनट आलेखालाच मिळतो. आलेखात जे काही आले आहे त्याच्या बेरजेला १०० मानून हा पर्याय हिशेब करतो. चुका नेमक्या येथे शिरतात.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे ‘एकूण’ ही ओळही आलेखात ओढली जाणे. मग एकूण हा आठवा तलाव ठरतो, अर्धे वर्तुळ तो व्यापतो आणि भातसाचा वाटा ४९.५ ऐवजी २४.८ टक्के दिसतो. एखादा भाग बरोबर ५० टक्क्यांचा दिसला की प्रथम ही शंका घ्यावी.

दुसरी चूक अधिक घातक आहे, कारण ती आलेख तयार झाल्यानंतर घडते. एक्सेल लपवलेल्या ओळी आलेखात घेत नाही, जोपर्यंत तसे मुद्दाम सांगितलेले नसते. कोणी फिल्टर लावून भातसाची ओळ लपवली, तर छेद १४,४७,३६३ वरून ७,३०,३२६ वर येतो आणि अप्पर वैतरणाचा वाटा १५.७ वरून ३१.१ टक्के होतो. आलेख सुबक दिसतो, बेरीज १०० होते, आणि मजकूर संपूर्ण चुकीचा असतो. आलेख पाठवण्यापूर्वी ‘सिलेक्ट डेटा’मध्ये जाऊन लपवलेल्या व रिकाम्या सेलांचा पर्याय पाहण्याची सवय लावून घ्यावी.

तिसरी गोष्ट ऋण संख्यांची. वृत्तालेखात ऋण भाग असूच शकत नाही. एक्सेल उणे चिन्ह दुर्लक्षून तो भाग धन असल्यासारखा काढतो. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ७.५७ टक्क्यांनी घटली आणि उपनगर जिल्ह्याची ८.२९ टक्क्यांनी वाढली. हे दोन आकडे वृत्तालेखात घातल्यास ४८ आणि ५२ टक्के असे दोन जवळपास समान भाग मिळतात, ज्यांना कोणताही अर्थ नाही.

प्रश्न: शतमान स्तंभालेखात अक्षावर टक्के आहेत, लेबलांवर मात्र मूळ संख्याच येतात. का?

कारण शतमान स्तंभालेखात, म्हणजे प्रत्येक स्तंभ १०० टक्के मानून त्याचे भाग पाडणाऱ्या आलेखात, एक्सेल स्तंभांची उंची तेवढी प्रमाणात बसवते. लेबल मात्र मूळ मूल्याचेच राहते. जनगणनेनुसार २००१ मध्ये मुंबई शहर जिल्ह्यात ३३,३८,०३१ आणि उपनगर जिल्ह्यात ८६,४०,४१९ लोक होते. २०११ मध्ये अनुक्रमे ३०,८५,४११ आणि ९३,५६,९६२. शतमान स्तंभालेखावर या संख्याच उमटतील. २७.९ आणि २४.८ हे शहराचे वाटे उमटणार नाहीत, आणि लेबलाचे स्वरूपण टक्के केल्यास कोट्यवधी टक्क्यांचा आकडा येईल.

मूळ सारणीशेजारी टक्क्यांची दुसरी सारणी तयार करावी. प्रत्येक संख्येला त्या वर्षाच्या बेरजेने भागावे. मग एकतर या दुसऱ्या सारणीवरूनच विभाजित स्तंभालेख काढावा, किंवा मूळ आलेख तसाच ठेवून लेबलांसाठी ‘व्हॅल्यू फ्रॉम सेल्स’ हा पर्याय घेऊन टक्क्यांच्या सेलांकडे बोट दाखवावे आणि मूळ मूल्याची खूण काढावी. हा पर्याय एक्सेल २०१३ पासून आहे. त्याहून जुन्या आवृत्तीत फाइल उघडणाऱ्याला टक्क्यांऐवजी कंसातले एक निरर्थक शब्दचिन्ह दिसते; समोरच्याकडे काय आहे हे माहीत नसेल तर पहिला मार्ग बरा.

प्रश्न: अक्ष १००% वर न थांबता १२०% पर्यंत जातो. १०० लिहूनही बरोबर होत नाही.

कमाल मर्यादेच्या चौकटीत १०० नव्हे, १ लिहावे. आत साठवलेली संख्या अपूर्णांकात असल्यामुळे १ म्हणजेच १००%. तेथे १०० लिहिल्यास अक्ष १०,०००% पर्यंत ताणला जातो आणि सगळे स्तंभ तळाशी चिकटतात. किमान मर्यादा स्तंभालेखात शून्यच ठेवावी, कारण वाचक स्तंभाची लांबी पाहतो. रेषालेखात ती वर आणता येते, पण तसे केल्यास अक्षावर ते ठळक दिसले पाहिजे.

प्रश्न: सातही तलावांची टक्केवारी आहे. सरासरी काढून एकूण साठा दाखवला तर चालेल का?

नाही. या पानावरील सर्वांत महत्त्वाचे उत्तर हेच आहे.

प्रत्येक तलावाची टक्केवारी त्याच्या स्वतःच्या क्षमतेवर काढलेली असते. सातही छेद वेगळे असतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील तुळशी आणि विहार हे दोन लहान तलाव पाऊस चांगला झाला की लवकर ओसंडून वाहू लागतात आणि त्याची बातमीही होते. पण दोघांची मिळून क्षमता एकूण क्षमतेच्या अडीच टक्केही नाही. समजा, तुळशी, विहार, तानसा आणि मोडक सागर पूर्ण भरले आहेत, आणि भातसा, अप्पर वैतरणा व मध्य वैतरणा प्रत्येकी ४० टक्के भरले आहेत. सात टक्केवाऱ्यांची साधी सरासरी ७४.३ येईल. प्रत्यक्ष साठा सुमारे ७,६४,७९५ दशलक्ष लिटर, म्हणजे एकूण क्षमतेच्या ५२.८ टक्के असेल. दोन टक्केवाऱ्यांत एकवीसहून अधिक अंकांचा फरक पडतो, आणि पाणीकपात करावी की नाही अशा निर्णयासाठी ७४ आणि ५३ यांत केवढे अंतर आहे हे वेगळे सांगायला नको.

योग्य रीत अशी: सर्व तलावांतील प्रत्यक्ष पाण्याची बेरीज करावी, तिला सर्व क्षमतांच्या बेरजेने भागावे. टक्केवारी एकदाच, सर्वांत शेवटी काढावी.

लोकसंख्येतही हेच होते. शहराची वाढ उणे ७.५७ टक्के आणि उपनगराची ८.२९ टक्के, दोहोंची सरासरी ०.३६ येते. परंतु दोन्ही जिल्हे मिळून लोकसंख्या १,१९,७८,४५० वरून १,२४,४२,३७३ झाली, म्हणजे ३.८७ टक्क्यांनी वाढली. उपनगर कितीतरी मोठे असल्यामुळे त्याचे पारडे जड आहे, आणि साध्या सरासरीला ते दिसत नाही.

यासाठी एक शिस्त पाळावी. मूळ फाइलमध्ये टक्के कधीही साठवू नयेत. अंश आणि छेद असे दोन रकाने ठेवावेत आणि टक्क्यांचा रकाना सूत्राने काढावा. ज्यांच्याकडे फक्त टक्केच आलेले आहेत त्यांनी एकत्रित आकडा देण्यापूर्वी छेद मागवावा. तो मिळत नसेल तर एकत्रित आकडा देऊ नये. सात वेगळे स्तंभ दाखवून थांबावे.

प्रश्न: ‘३ टक्क्यांनी घट’ आणि ‘३ टक्केबिंदूंनी घट’ यांत आलेखापुरता काय फरक पडतो?

बराच पडतो. शहर जिल्ह्याचा लोकसंख्येतील वाटा २७.८७ वरून २४.८० टक्के झाला. ही ३.०७ टक्केबिंदूंची घट आहे, म्हणजे दोन टक्केवाऱ्यांची सरळ वजाबाकी. पण वाट्याची स्वतःच्या मूळ मूल्याशी तुलना केली तर तो सुमारे ११ टक्क्यांनी घटला. आणि प्रत्यक्ष लोकसंख्या घटली ७.५७ टक्क्यांनी. तिन्ही विधाने खरी आहेत, तिन्हींचे छेद वेगळे आहेत, आणि आलेखावर ‘घट: टक्के’ एवढेच लिहिले तर वाचक यांपैकी कोणतेही समजू शकतो.

बँकिंगमध्ये काम करणाऱ्यांना हे अंगवळणी पडलेले असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ६.२५ टक्क्यांवर आणला, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी त्याला पाव टक्क्याची कपात म्हटले. येथे पाव टक्का म्हणजे पाव टक्केबिंदू, अर्थात २५ बेसिस पॉइंट. मूळ दराच्या तुलनेत ती कपात ३.८५ टक्के भरते. दराचा आलेख काढताना बदलाच्या स्तंभावर टक्क्याचे चिन्ह न घालता ‘बेसिस पॉइंट’ किंवा ‘टक्केबिंदू’ असे लिहावे. एक्सेल मात्र दोन टक्केवाऱ्यांच्या वजाबाकीलाही आपोआप टक्क्याचेच स्वरूपण देते. ते हाताने बदलावे लागते.

प्रश्न: १०० पेक्षा अधिक टक्के दाखवणे चूक आहे का?

छेद काय आहे त्यावर अवलंबून आहे. तलाव त्याच्या उपयुक्त क्षमतेच्या १०० टक्क्यांहून अधिक भरलेला दाखवला तर बहुधा नोंद तपासावी लागेल. पाऊस मात्र सरासरीच्या ११५ टक्के होऊ शकतो. तोच पाऊस ‘सरासरीपेक्षा १५ टक्के अधिक’ असेही सांगता येतो, आणि एकाच आलेखात या दोन रीती मिसळल्या तर मोठा घोटाळा होतो. भारतीय हवामान विभाग सरासरीपासूनचे विचलन वापरतो: उणे १९ ते अधिक १९ टक्के म्हणजे सामान्य पाऊस. अशा आकड्यांसाठी शून्याची रेषा मध्ये ठेवून दोन्ही बाजूंना जाणारा स्तंभालेख काढावा.

प्रश्न: सर्वेक्षणात एकाहून अधिक उत्तरे निवडण्याची मुभा होती. टक्क्यांची बेरीज १६० होते. आलेख कसा काढावा?

आडवा स्तंभालेख काढावा. वृत्तालेख मुळीच काढू नये. समजा, २०० जणांना रोजच्या प्रवासाची साधने विचारली. लोकल १५० जणांनी सांगितली, बेस्टची बस ८० जणांनी, रिक्षा ६० जणांनी आणि मेट्रो ३० जणांनी. माणसांच्या प्रमाणात हे ७५, ४०, ३० आणि १५ टक्के होतात, कारण एकच माणूस रिक्षाने स्थानकावर येतो आणि पुढे लोकल धरतो. वृत्तालेख मात्र ३२० उत्तरांना छेद मानेल आणि लोकलचा वाटा ४६.९ टक्के दाखवेल. चारपैकी तीन माणसे लोकलने जातात ही वस्तुस्थिती त्या वर्तुळातून नाहीशी होते. आलेखाखाली ‘एकाहून अधिक उत्तरे शक्य, टक्के उत्तरदात्यांच्या संख्येवर’ असे लिहावे.

प्रश्न: अगदी लहान भागांवर ०% येते किंवा लेबले एकमेकांवर चढतात.

वृत्तालेखात एक टक्का म्हणजे ३.६ अंश. तुळशीच्या वाट्याला जेमतेम दोन अंश येतात. तेवढ्या फटीत लेबल मावणार नाही. लहान भाग ‘इतर’ या नावाने एकत्र करावेत आणि तपशील खाली द्यावा, किंवा सरळ स्तंभालेखाकडे वळावे. मूल्य शून्य नसताना ०% छापणे टाळावे. कस्टम स्वरूपणात चौकोनी कंसात अट घालून ठरावीक मर्यादेखालच्या मूल्यांसाठी ‘१% पेक्षा कमी’ असा मजकूर देता येतो. ही मर्यादा लिहितानाही १ टक्क्यासाठी ०.०१ लिहायचे असते, आणि स्वरूपणातील अंक इंग्रजी कळफलकावरचेच वापरायचे असतात.

प्रश्न: संकेतस्थळावरून उतरवलेल्या फाइलमध्ये टक्के दिसतात, पण आलेखात सर्व स्तंभ शून्य आहेत.

ते टक्के संख्या नसून मजकूर आहेत. सेलमध्ये काहीही न बदलता डावीकडे चिकटलेले आकडे ही त्याची खूण. टक्क्याच्या चिन्हाआधी किंवा नंतर न दिसणारी मोकळी जागा असते, किंवा अंक देवनागरीत टंकलेले असतात, जे एक्सेल बहुतेक मांडणीत संख्या म्हणून ओळखत नाही. ‘फाइंड अँड रिप्लेस’ने मोकळ्या जागा काढाव्यात, देवनागरी अंक एकेक करून बदलावेत आणि मग ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ चालवावे. देवनागरी अंकांचा आग्रह योग्यच आहे. पण ते दाखवण्याच्या टप्प्यावर आणावेत, साठवण्याच्या नव्हे.

प्रश्न: छेद शून्य असलेल्या महिन्यांचे काय करावे?

त्या महिन्याची टक्केवारी अस्तित्वातच नसते. तेथे ०% दाखवू नये. सूत्रात अट घालून ‘उपलब्ध नाही’ या अर्थाचे #N/A हे त्रुटिमूल्य आणावे, म्हणजे रेषालेख त्या बिंदूवर शून्यापर्यंत कोसळत नाही.

प्रश्न: किती दशांशस्थळे दाखवावीत?

छेदाकडे पाहून ठरवावे. १२ पैकी ७ विद्यार्थी उत्तीर्ण झाले तर ५८.३३% लिहिण्यात काही अर्थ नाही. एक विद्यार्थी इकडचा तिकडे झाला की आठ टक्के हलतात. अशा वेळी ‘१२ पैकी ७’ हेच लेबल घालावे. शंभराच्या आसपास छेद असल्यास पूर्णांक पुरेसा आहे. लाखांत असल्यास एक दशांशस्थळ द्यावे. दोन दशांशस्थळे व्याजदरांसारख्या ठिकाणीच शोभतात.

प्रश्न: एक्सेल नसेल तर?

लिबरऑफिस कॅल्कमध्ये मूल्य टक्केवारीच्या रूपात दाखवण्याचा पर्याय स्तंभालेखालाही मिळतो. तेथे छेद त्या वर्गातील सर्व मालिकांची बेरीज असतो. शतमान स्तंभालेखाची अडचण त्यामुळे तेथे पडत नाही, आणि एवढ्या एका सोयीसाठी मी अनेकांना कॅल्क सुचवतो. गूगल शीट्समध्ये वृत्तालेखाच्या सजावटीत स्लाइस लेबल या जागी टक्केवारी, किंवा मूल्य आणि टक्केवारी दोन्ही निवडता येतात.

पायथॉनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये वृत्तालेखाच्या लेबलात टक्क्याचे चिन्ह उमटण्यासाठी ते दोनदा लिहावे लागते. अक्षासाठी जे टक्के-स्वरूपक आहे ते मुळात १०० ला पूर्ण मानते; आपली मूल्ये अपूर्णांकात असतील तर कमाल मूल्य १ असे सांगावे लागते, नाहीतर ०.४५ चे ०.४५% होते.

प्रश्न: वृत्तालेख चांगला की स्तंभालेख?

तुलना करायची असेल तर स्तंभालेख. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की एकाच मापपट्टीवरील स्थान माणूस कोनापेक्षा अधिक अचूक ओळखतो. तानसाचे १०.० आणि मोडक सागरचे ८.९ टक्के वर्तुळात शेजारी ठेवले तर लेबलाशिवाय मोठा कोणता हे सांगणे कठीण जाते; स्तंभांत ते एका नजरेत कळते. ‘भातसा एकटा जवळपास अर्धा आहे’ एवढेच सांगायचे असेल तर मात्र वृत्तालेखासारखे साधन नाही.

प्रश्न: आलेखाच्या शीर्षकात नेमके काय लिहावे?

छेद लिहावा. १२० सभासदांच्या गृहनिर्माण संस्थेत पुनर्विकासाच्या सभेला ८० जण आले आणि ६० जणांनी बाजूने मत दिले, तर ते उपस्थितांच्या ७५ टक्के आहेत आणि एकूण सभासदांच्या ५० टक्के. सूचना फलकावर ‘७५ टक्के पाठिंबा’ असा आलेख लावला की भांडण ठरलेले. ‘उपस्थित ८० सभासदांपैकी ६० बाजूने, एकूण सभासद १२०’ असे शीर्षक लांब वाटले तरी तेच लावावे. रोज बदलणाऱ्या आकड्यांना तारीख आणि वेळही हवी. तलावांची नोंद सकाळी ६ वाजताची असते, त्यामुळे त्या आलेखाचे शीर्षक ‘सात तलावांतील उपयुक्त साठा, एकूण क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटरच्या टक्केवारीत, सकाळी ६ वाजता’ असे असावे आणि त्यापुढे तारीख लिहावी.